वारशाचे घर विकण्यापूर्वी

• मृत्युपत्र असेल तर : १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती मुंबईसारख्या ठरावीक क्षेत्रांपुरतीच ठेवली होती. वर्ध्यात केलेल्या मृत्युपत्राला आणि इथल्या घराला ती लागू नव्हती. मात्र मृत्युपत्रावर वाद असेल तर प्रोबेट घेतलेले बरे.

• मृत्युपत्र नसेल तर : १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार पुरुषाच्या पश्चात पत्नी, आई, मुलगे आणि मुली यांना समान वाटा मिळतो. विवाहित मुलीलाही. विक्रीपत्रावर सगळ्यांच्या सह्या हव्यात, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र.

• उत्तराधिकार प्रमाणपत्र : ते मृताच्या ठेवी, रोखे आणि येणे रकमांसाठी असते, घरासाठी नव्हे.

• नोंद कुठे : शहरात आखीव पत्रिकेवर, भूमी अभिलेख कार्यालयात, गावठाणातल्या घराची ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर. सातबाऱ्यावरील जमिनीची वारस नोंद तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवावी. फेरफार म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नव्हे.

• नझूल जागा : वर्धा, हिंगणघाट, आर्वीसारख्या शहरांत जागा नझूल पट्ट्याची आहे का, पट्ट्याची मुदत किती उरली आणि हस्तांतराची अट काय, हे आधी पाहा.

• अज्ञान वारस : त्याचा वाटा विकायला न्यायालयाची परवानगी लागते.

• कर : वारशाने घर मिळताना कर नाही, विकताना भांडवली नफ्यावर आहे. मूळ मालकाची खरेदी किंमत त्यात धरली जाते, म्हणून जुने खरेदीखत जपा.

इसार घेण्याआधी सर्व वारसांची लेखी संमती घ्या.