किती हंडे, किती पाणी?

मराठीत हंडे, शेळ्या, पाणी, नागली सगळ्यांना ‘किती’ पुरतं. इंग्रजीत सुट्या मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘हाऊ मेनी’ लागतं आणि नाम अनेकवचनी होतं: हाऊ मेनी गोट्स. बाकीच्यांना ‘हाऊ मच’, नाम एकवचनीच: हाऊ मच वॉटर. मुलं अडखळतात ती तांदळाशी. दाणे तर डोळ्यांना दिसतात! तरी ‘हाऊ मच राइस’. माप आलं की ‘हाऊ मेनी किलोज’. पैशांचंही तसंच, मनीला मच आणि रुपीजना मेनी.

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. जव्हार तालुक्यातल्या वावरसारख्या गावात घरी वारली किंवा कोकणा बोलणाऱ्या मुलांसाठी ती मराठीच्याही नंतरची भाषा. म्हणून हा धडा हंडे, शेळ्या, तांदूळ समोर ठेवूनच शिकवायला हवा.