शाळिग्राम : देवघरातला समुद्रजीव

मंडळी, आज श्रीपुरात बोलतोय, तर पायाखालच्या दगडापासूनच सुरुवात करू. विहीर खणताना आधी काळी माती, मग मुरूम आणि खाली काळा कातळ लागतो. हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा, बेसॉल्ट. त्यात समुद्रातला शंख शोधून उपयोग नाही.

पण समुद्रातला एक जीव आपल्या अनेक देवघरांत आहे. शाळिग्राम! तो येतो नेपाळच्या काळीगंडकी नदीतून. त्यावरचं ‘चक्र’ म्हणजे बहुतेक वेळा अमोनाईट नावाच्या प्राण्याच्या कवचाचा ठसा. साधारण 15 कोटी वर्षांपूर्वी तिथे टेथिस समुद्र होता. मेलेल्या प्राण्यांची कवचं तळाच्या चिखलात गाडली गेली, भोवती चिखल घट्ट होऊन गोळे झाले. पुढे भारताचा भूखंड आशियाला भिडला, समुद्राचा तळ उचलला गेला आणि हिमालय झाला. नदीने ते गोळे घासून गुळगुळीत केले.

अमोनाईट गोगलगायीसारखा दिसला, तरी नातं माकूळ आणि ऑक्टोपसशी. कवचात आडव्या पडद्यांनी केलेले कप्पे असत. प्राणी शेवटच्या, सगळ्यांत मोठ्या कप्प्यात राही. मागच्या कप्प्यांत वायू भरल्यामुळे तो पाण्यात तरंगे.

हा वंश साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी संपला, बहुतेक डायनासोर गेले तेव्हाच. मेक्सिकोत चिक्शुलूब इथे प्रचंड अशनी आदळला होता. त्याच सुमारास आपल्या दख्खनचा लाव्हाही वाहत होता, सोबत कार्बन आणि गंधकाचे वायू. दोष कुणाचा किती, यावर वाद आहे. अशनीकडे बोट दाखवणारे जास्त. तरी गंमत बघा, देवघरातल्या जीवाचा वंश बुडाला त्याचा एक संशयित आपल्या पायाखाली आहे!

त्याचा दूरचा भाऊबंद नॉटिलस मात्र वाचला. का? एक स्पष्टीकरण असं : अमोनाईटची पिल्लं अगदी बारीक, समुद्राच्या वरच्या थरातल्या सूक्ष्म जीवांवर जगणारी. अंधारून आलं, ते अन्न संपलं. नॉटिलसची अंडी मोठी, पिल्लू शिदोरी घेऊनच बाहेर पडतं.

श्रोत्यांतून प्रश्न आलाय : मग पूजा करायची की नाही? ते ज्याचं त्याने ठरवावं. माझी विनंती एवढीच, की आत काय आहे ते बघायला तो फोडू नका. आणि कुणी, कधी, कुठून आणला हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. ठिकाण विसरलं, की दगडाची निम्मी गोष्ट गेलीच म्हणून समजा.