यमुना: नव्या जागी रुळणारी पहिली मराठी नायिका

नवी शाळा, ओळखीचं कुणीच नाही. ख्रिस्ती टीन कादंबऱ्यांत अशी नायिका हमखास भेटते. आपल्याकडे तिची थोरली बहीण १८५७ सालीच आली: बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मधली यमुना. ती नवऱ्यासोबत फिरते, विधवांची दुःखं ऐकते. मग स्वतःच विधवा होते. शेवटी ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते.

यात धर्मप्रचार आहे, उघडच आहे. पण प्रश्न खरा होता: आपल्याच माणसांत जागा उरली नाही, तर मुलीनं जायचं कुठे?

दौंड तालुक्यात, केडगावला, याचं खरंखुरं उत्तर उभं राहिलं. १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुलींना पंडिता रमाबाईंनी तिथे आसरा दिला. रुळणं नंतरचं, आधी कुणीतरी दार उघडावं लागतं.