चाकांवरच्या घराचा पत्ता कोणता?

घराला चाके असली की ते हवे तेव्हा नव्या गावी नेता येते. टपाल मात्र त्यामागे धावत नाही. अमेरिकेत स्वतःचे घर विकून किंवा भाड्याची जागा सोडून 'रिक्रिएशनल व्हेइकल', म्हणजेच 'आर.व्ही.' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटारघरात बारा महिने राहणाऱ्यांपुढे हा प्रश्न आरंभीच उभा राहतो. निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय गाडीत असते. दारावरचा क्रमांक आणि अंगणातली टपालपेटी तेवढी नसते. बँकेचे नवे कार्ड, औषधांची पार्सले, कराची कागदपत्रे, ज्युरी म्हणून न्यायालयाचे बोलावणे, मतपत्रिका अशा कितीतरी गोष्टी आजही टपालाने येतात. त्या चुकल्या, तर होणारे नुकसान केवळ पत्राचे नसते.

अशा रहिवाशांमध्ये भ्रमंतीची हौस असलेले सेवानिवृत्त आहेत, तसेच घरभाडे परवडेनासे झाल्याने गाडीचा आसरा घेतलेलेही आहेत. या दुसऱ्या वर्गाचे जीवन जेसिका ब्रूडर यांच्या २०१७ मधील 'नोमॅडलँड' या पुस्तकाने समोर आणले. त्यावर आधारलेल्या क्लोई झाओ दिग्दर्शित चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले.

टपाल मिळवण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे अमेरिकी टपाल सेवेची 'जनरल डिलिव्हरी'. पत्रावर नाव, त्याखाली 'जनरल डिलिव्हरी' हे शब्द आणि मग गाव, राज्य व झिप कोड लिहिला की पत्र त्या गावच्या टपाल कार्यालयात राखून ठेवले जाते. ओळखपत्र दाखवून ते विनाशुल्क घेता येते. जगभर 'पोस्ट रेस्तांत' या फ्रेंच नावाने परिचित असलेली सोय ती हीच. मात्र पत्र जास्तीत जास्त ३० दिवस ठेवले जाते. त्यानंतर ते पाठवणाऱ्याकडे परत जाते. शहरात अनेक टपाल कार्यालये असली तरी ही सोय ठरावीक कार्यालयातच मिळते. त्यामुळे निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून चौकशी करणे हिताचे असते.

जुना पत्ता अद्याप सोडलेला नसेल, तर टपाल सेवेकडे तात्पुरत्या पत्ताबदलाची नोंद करता येते. तिची मुदत किमान १५ दिवसांची असते आणि ती वाढवत जास्तीत जास्त एक वर्षापर्यंत नेता येते. हिवाळ्याचे काही महिने एकाच ठिकाणी मुक्काम करणाऱ्यांना ही व्यवस्था पुरेशी होते. दर आठवड्याला गाव बदलणाऱ्यांना ती उपयोगी पडत नाही. शिवाय बँकेच्या काही लिफाफ्यांवर ते पुढे न पाठवता परत करण्याची सूचना छापलेली असते. पत्ताबदलाची नोंद असली तरी असे लिफाफे माघारी जातात.

म्हणूनच कायम प्रवासात राहणारे बहुतेक जण टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या संस्थेचा आधार घेतात. जो आणि के पीटरसन या दांपत्याने १९७८ मध्ये स्थापन केलेला 'एस्केपीज आर.व्ही. क्लब' टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथून आपल्या सभासदांना ही सेवा देतो. कामाची पद्धत सरळ आहे. सभासदाला स्वतंत्र क्रमांकासह पत्ता मिळतो. आलेले टपाल संस्था त्याच्या नावे साठवते आणि तो सांगेल त्या गावी एकत्र पाकिटातून रवाना करते. अनेक संस्था लिफाफ्याचे छायाचित्र इंटरनेटवर दाखवतात. कोणते पत्र पाठवायचे, कोणते उघडून स्कॅन करायचे आणि कोणते नष्ट करायचे, हे सभासद ठरवतो.

आपले टपाल दुसऱ्याने स्वीकारावे, यासाठी टपाल सेवेचा १५८३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो. त्यासोबत दोन ओळखपत्रे लागतात आणि स्वाक्षरी नोटरीसमोर किंवा संस्थेच्या प्रतिनिधीसमोर प्रमाणित करावी लागते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अशा संस्थेचा पत्ता सोडताना टपाल सेवा सभासदाकडून पत्ताबदलाची नोंद स्वीकारत नाही. बँक, विमा कंपनी, रुग्णालय अशा प्रत्येकाला नवा पत्ता स्वतंत्रपणे कळवावा लागतो. संस्थेची निवड विचारपूर्वक करावी, ती याच कारणासाठी.

पत्रांचा प्रश्न येथे सुटतो; निवासाचा प्रश्न मात्र उरतो. २००१ च्या 'पेट्रियट' कायद्यानंतर लागू झालेल्या नियमांनुसार बँक खाते उघडताना निवासाचा पत्ता द्यावा लागतो. टपालपेटीचा क्रमांक पुरत नाही. २००५ च्या 'रिअल आयडी' कायद्याप्रमाणे तयार होणाऱ्या ओळखपत्रासाठीही राहत्या जागेचा पुरावा लागतो. विमानप्रवासासाठी या कायद्याची अंमलबजावणी ७ मे २०२५ पासून सुरू झाली.

त्यामुळे फिरते रहिवासी कोणते तरी एक राज्य आपले म्हणून निवडतात. टेक्सास, फ्लोरिडा आणि साउथ डकोटा या तीन राज्यांकडे त्यांचा विशेष ओढा आहे. तेथे राज्याचा वैयक्तिक प्राप्तिकर नाही. साउथ डकोटाने तर एका रात्रीच्या मुक्कामाच्या पावतीवर अशा प्रवाशांना वाहन परवाना देण्याची वाट मोकळी ठेवली होती. मतदानाचा हक्क मात्र तितका सुलभ राहिला नाही. २०२३ मध्ये त्याच राज्याने मतदार नोंदणीसाठी ३० दिवसांच्या वास्तव्याची अट घातली. ज्यांचे घरच फिरते, त्यांनी कोठे मतदान करावे, हा वाद त्यामुळे अधिकच ठळक झाला.

अनुभवी प्रवासी एक पथ्य पाळतात. आज आपण कोठे आहोत, यापेक्षा आठ-दहा दिवसांनी कोठे असू, याचा विचार करून ते तेथील 'जनरल डिलिव्हरी'वर पाकीट मागवतात. औषधांची मागणी साठा संपण्यापूर्वी पुरेसे दिवस आधीच नोंदवतात. पुढच्या गावी पाकीट हाती येते आणि प्रवास पुढे सुरू होतो. 'आपण राहता कोठे?' हा अर्जावरचा रकाना मात्र दर वेळी नव्याने विचार करूनच भरावा लागतो.