झडपेवरचा चुना लेसरने निघेल काय?

सोलापूर-धुळे महामार्गावरचे तेरखेडा हे फटाक्यांचे गाव. तेथे एका घरी आम्ही गेलो होतो. घरच्या सूनबाईंना चार पावले चालले तरी धाप लागते. हृदयाची झडप आकसून तिच्यात चुना, म्हणजे कॅल्शियम साचले आहे, असे डॉक्टरांनी सांगितलेले. सासूबाईंनी विचारले, "दादा, लेसर किरणांनी तेवढा चुना काढता येत नाही का?"

प्रश्न रास्त आहे. 1980 च्या दशकात परदेशी डॉक्टरांनी असे प्रयोग केले. शस्त्रक्रियेत काढलेल्या झडपांवर लेसर चालवून पाहिले. रुग्णांच्या झडपेतला चुना ध्वनिलहरींनीही फोडून पाहिला. झडप उघडली, पण काही महिन्यांतच अनेकांच्या झडपेची पाती आखडली आणि रक्त उलटे गळू लागले. कारण हा चुना हंड्याच्या बुडाला बसलेल्या क्षारासारखा वरवरचा नसतो, तो पात्याच्या आत मुरलेला असतो. तो काढताना पातेच दुबळे होते.

म्हणून झडप मऊ असेल तर ती बऱ्याचदा फुग्याने उघडतात. दगडासारखी झाली असेल तर बदलतात. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने बनविलेली देशी झडप 1990 साली प्रथम रुग्णाला बसविली गेली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही झडप बदलण्याची शस्त्रक्रिया होते. मात्र अशी कृत्रिम झडप बसविल्यावर रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि रक्ततपासणी जन्मभर चुकवता येत नाही.

आम्ही सूनबाईंना विचारले, "लहानपणी सांधे सुजायचे का?" त्या म्हणाल्या, "हो. आज गुडघा, उद्या घोटा. आई म्हणायची, वाताचं आहे, जाईल."

तो वात नव्हता, संधिवाती ताप होता. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तो येतो. सांध्यांची सूज उतरते, पण झडपेला इजा करून जातो. तो पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते.

माता-भगिनींनो, मुलाचा घसा ताप येऊन दुखला, तर डॉक्टरांना दाखवा. इंजेक्शन सुरू असलेली मुलगी बरी दिसू लागली, किंवा लग्न होऊन सासरी गेली, म्हणून ते मनाने थांबवू नका. तिचे कार्ड तिच्याबरोबर सासरी पाठवा.