दोघांत तिसरी... काकू!

रूम सर्व्हिस नाही, मिनीबार नाही, ‘डू नॉट डिस्टर्ब’ची पाटी तर नाहीच नाही. तरीही पुढच्या वीकएण्डला जोडीनं ‘न्याहारी-निवास’मध्ये राहून बघाच!

शुक्रवारी रात्री ऑफिसमधून थेट सीएसएमटी आणि कोकणकन्या एक्स्प्रेस. सकाळी कुडाळला उतरलो आणि रिक्षानं मालवणजवळची एक वाडी गाठली. माडांच्या बागेत कौलारू घर, पुढे सारवलेलं खळं आणि दारात काकू. पहिला प्रश्न, ‘‘खंयसून इलात?’’ दुसरा, लग्नाला किती वर्षं झाली? तिसरा त्यांनी विचारला नाही, पण तो कुठला होता हे तुम्हाला कळलंच असेल!

मनात म्हटलं, झालं! संपली प्रायव्हसी. आणि नेमकी तीच तर हवी होती. नवरोबाला बेंगळुरूची ऑफर आली होती, माझं सगळं काम मुंबईत. पंधरा दिवस आम्ही या विषयावर एकतर भांडत होतो, नाहीतर गप्प बसत होतो. समुद्रासमोर बसून काय ते एकदाचं ठरवू, असा प्लॅन होता.

हॉटेल नव्हे, घर

‘बेड अँड ब्रेकफास्ट’ म्हणजे कुणाच्या तरी राहत्या घरातली खोली आणि सकाळचा नाश्ता. आपल्या राज्यात या योजनेला नावही झकास आहे, ‘न्याहारी-निवास’. केंद्र सरकारच्या अशाच योजनेत जास्तीत जास्त सहा खोल्या आणि बारा बेड चालतात, आणि मालकानं त्याच घरात राहायला हवं ही अट असते. सगळी गंमत या अटीतच आहे. हॉटेलात आपण एकटं सोडण्याचे पैसे देतो. इथे पाहुणे म्हणून जातो, आणि पाहुण्यांना कोकणात कुणी एकटं सोडत नाही!

माझ्या आधार कार्डावर माहेरचं आडनाव आहे. काकांनी दोन्ही कार्डं पाहिली, वहीत दोन ओळी लिहिल्या, विषय संपला. पण तो सगळीकडे इतक्या सहज संपत नाही. लग्न न झालेल्या दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहू नये, असा कुठलाही कायदा नाही. मद्रास उच्च न्यायालयानं 2019 मध्ये हे स्पष्ट सांगितलं. तरी घर शेवटी घरमालकाचं. त्यामुळे काय ते फोनवरच विचारून घ्या. रात्री दारात उभं राहून वाद घालण्यापेक्षा ते बरं.

भिंतीला कान

आमच्या आणि काका-काकूंच्या खोलीत एक पातळ भिंत. पलीकडे काका खोकले तरी इकडे ऐकू यायचं. म्हणजे भांडायचं तर कुजबुजत! आवाज चढवायची सोय नसली की माणूस मुद्द्याचं बोलतो, हा शोध मला त्या रात्री लागला. तुझ्यासाठी मी काय काय सोडलं, ही यादी कुजबुजत वाचून बघा, दुसऱ्याच ओळीला हसू येतं. मुद्दा मात्र तिथेच राहिला. तो जाणार, मी राहणार, आणि मग?

सकाळी स्वयंपाकघरात घावणे चालले होते. बिडाच्या तव्यावर अर्ध्या कांद्यानं तेल फिरवायचं, तांदळाचं पातळ पीठ सोडायचं, जाळी पडली की काढायचं. सोबत नारळाचा गुळ घातलेला रस. रूम सर्व्हिसवाल्या नवरोबाला काकूंनी सरळ नारळ खवायला बसवलं होतं.

आणि मग त्या सहज सांगू लागल्या. काका मुंबईत गिरणीत होते. लग्नानंतर बारा वर्षं ते तिकडे, काकू इकडे. भेट गणपतीत आणि शिमग्याला. ‘‘तेव्हा फोन खंय होतो?’’ 1982 मध्ये गिरण्यांचा संप झाला आणि काका कायमचे घरी आले. मला वाटलं, आता गोड शेवट येणार. काकू म्हणाल्या, सगळ्यात जास्त भांडणं त्या पहिल्या वर्षातच झाली. एकमेकांशिवाय राहायची सवय होऊन गेली होती ना!

रात्री भिंतीपलीकडे किती ऐकू गेलं होतं, देव जाणे. त्यांनी शेवटचा घावणा माझ्या ताटात वाढला आणि म्हणाल्या, जायचं तर खुशाल जा, पण परत कधी यायचं ते ठरवून जा. आमचं कुणी ठरवलंच नव्हतं.

मग तारीख ठरली. नवरोबा एक वर्षासाठी बेंगळुरूला जाईल, महिन्यातला एक वीकएण्ड एकत्र घालवायचा, आणि वर्ष संपलं की पुन्हा बसून बोलायचं. कुठे? काकूंच्या वहीत आमची खोली आत्ताच लिहून ठेवलीय.

निघण्याआधी

* टॉयलेट-बाथरूम खोलीला जोडून आहे का, इन्व्हर्टर आहे का, हे आधी विचारा.

* मासे हवे असतील तर आदल्या संध्याकाळी सांगा. बाजार सकाळी लवकर असतो.

* जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटीही पावसाळ्यात बंद असतात.

* रोख पैसे जवळ ठेवा. वाडीत नेटवर्क रुसलं की यूपीआयही रुसतं.

* भांडण बाकी असेल तर सोबत घेऊन जा. मिटेलच असं नाही, पण आवाज नक्की खाली येईल!