घर्षण आणि झीज : कृत्रिम खुब्याच्या संशोधनातील एक धडा

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा होय. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडातील खोबणीत फिरतो आणि दोहोंवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. संधिवाताने हे आवरण नष्ट झाले म्हणजे चालणे दुष्कर होते. अशा वेळी कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया आज रूढ आहे. परंतु तिचा पाया एका अपयशाच्या परीक्षणातून घातला गेला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयाचे शल्यविशारद जॉन चार्नली यांच्या मते कृत्रिम सांधा सैल होण्याचे मूळ घर्षणात होते. म्हणून त्यांनी धातूच्या माथ्यासाठी टेफ्लॉनची वाटी योजिली, कारण टेफ्लॉनचे घर्षण अत्यल्प असते. सुमारे ३०० रुग्णांवर ही शस्त्रक्रिया झाली. आरंभीचे यश विलक्षण होते; परंतु थोड्याच वर्षांत वाट्या झिजल्या, झिजेच्या कणांनी भोवतालच्या ऊतींत दाह निर्माण केला आणि सांधे सैल झाले. या कणांचा परिणाम पाहण्यासाठी चार्नलींनी टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत टोचून घेतले.

येथे एक भेद स्पष्ट झाला. घर्षण म्हणजे गतीला होणारा विरोध, तर झीज म्हणजे द्रव्याचा क्षय. एक अल्प असले म्हणजे दुसरी अल्प असतेच असे नाही. १९६२ मध्ये यंत्रमागांच्या दातेरी चाकांसाठी वापरले जाणारे एक पॉलिएथिलीन रुग्णालयात आले. चार्नलींना ते निरुपयोगी वाटले. तरीही त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी ते चाचणीयंत्रावर चढविले. तीन आठवड्यांत त्याची जी झीज झाली, ती टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेहून अधिक नव्हती. त्याचे घर्षण टेफ्लॉनहून अधिक होते खरे. परंतु माथ्याचा व्यास सुमारे २२ मिलिमीटर इतका लहान असल्याने वाटीवर येणारा पीळ मर्यादित राहिला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून या वाट्या रुग्णांना बसविण्यात येऊ लागल्या.

आरंभीचे यश हा अंतिम पुरावा नव्हे, हे या प्रकरणाने दाखविले. स्वीडनने १९७९ मध्ये खुब्याच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंद सुरू केली, ती हाच दीर्घकालीन पुरावा मिळविण्यासाठी. यंत्रावर काही आठवड्यांत जे उमगू शकले असते, ते प्रथम रुग्णांच्या देहात उमगले. पुढील रुग्णांच्या स्वास्थ्याचे मूल्य त्या ३०० जणांनी चुकविले होते.